मुळशीची राइड आणि पाण्याखालची शेतं

तर मंडळी, लवळ्यातून सायकल काढली की पिरंगुट, पौड आणि मग मुळशीचा तलाव. रविवारी इथे सायकलवाले भरपूर, फोटोही झक्कास येतात. पण हा तलाव नैसर्गिक नाही बरं का!

टाटा कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती, म्हणून मुळेवर धरण ठरलं. 50च्या आसपास गावांच्या जमिनींवर गदा आली, तीही भाताच्या. 16 एप्रिल 1921, रामनवमी. मावळे शेतकरी काम अडवायला उतरले. पां. म. बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते याच लढ्यात.

मग फूट पडली. पुण्यात राहणारे सावकार-जमीनमालक मोबदल्यावर राजी झाले. कसणाऱ्याचं काय? पैसे संपतात, खाचर पुन्हा मिळत नाही. माझ्या मते लढा खरा तिथेच हरला. बापट मात्र हटले नाहीत. 1924 मध्ये त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षं तुरुंगात गेले.

धरण झालंच. गंमत बघा, मुळा वाहते पूर्वेला, पुण्याकडे. पण तलावाचं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला, खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. तिथून ते कुंडलिकेत जातं. कोलाडला तुम्ही राफ्टिंग करता ना, ते याच पाण्यावर.