पडद्यावरून पानावर

स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिही’ असा आपल्या ग्रुपवर निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझा इतिहासाशी संबंध दहावीच्या पेपरपुरता. पुढे इंजिनिअरिंग आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअर. पण एका छोट्याशा इतिहासाची मी जुनी वाचक आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच वर्गात झाली. आठवी ‘ब’मध्ये ऑफ तासाला मी ‘स्टार ट्रेक’च्या गोष्टी सांगायचे, आठवतं? त्या ज्या पुस्तकांतून यायच्या, त्या पुस्तकांचा हा इतिहास. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. ७९ भाग झाले आणि १९६९ साली ती बंद पडली. आपण प्राथमिक शाळेत असताना दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची ती हीच मालिका. कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक आणि त्यांचं एंटरप्राइझ यान. तेव्हा भाग हुकला म्हणजे हुकला. ऐन रंगात आल्यावर वीज जायची, नाहीतर दारात पाहुणे उभे. साठच्या दशकात अमेरिकेतल्या प्रेक्षकांची अवस्थाही वेगळी नव्हती. घरोघरी व्हिडिओ यायला अजून अवकाश होता. आवडलेला भाग पुन्हा अनुभवायचा, तर वाहिनीने तो पुन्हा दाखवण्याची वाट बघायची.

ही अडचण पुस्तकाने सोडवली. जानेवारी १९६७ मध्ये बँटम प्रकाशनाने सात भागांच्या कथांचं एक स्वस्त पेपरबॅक काढलं. लेखक होता जेम्स ब्लिश. हा काही भाड्याने आणलेला कारकून नव्हता. त्याच्या ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ या कादंबरीला १९५९ साली विज्ञानकथांमधला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळालेला होता. गंमत म्हणजे, त्याने या कथा लिहिल्या त्या पडद्यावर बघून नव्हे, तर पटकथा वाचून. त्या पटकथाही बऱ्याचदा चित्रीकरणाआधीच्या मसुद्यातल्या. १९६८ मध्ये तो इंग्लंडला राहायला गेला, आणि तिथे बीबीसीने ही मालिका दाखवायला सुरुवात केली ती १९६९ च्या जुलैत! त्यामुळे पुस्तकातले संवाद, प्रसंग, कधी कधी कथेचं नावसुद्धा पडद्यावरच्यापेक्षा वेगळं असायचं. १९७५ साली ब्लिश गेला. उरलेलं काम त्याची पत्नी ज्युडिथ लॉरेन्स हिने पूर्ण केलं आणि १९७७ साली बारावा खंड निघाला.

अशी पुस्तकं म्हणजे उष्टं साहित्य, असं समजणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना ब्रिटनमधल्या ‘डॉक्टर हू’चं उदाहरण द्यावं. साठ-सत्तरच्या दशकांत बीबीसीने या मालिकेच्या असंख्य टेप पुसून टाकल्या. टेप महाग होत्या, पुन्हा वापरता येत होत्या आणि जुने कार्यक्रम कोण बघणार, असा हिशेब होता. १९७३ पासून टार्गेट प्रकाशनाने त्या मालिकेच्या कथा पुस्तकरूपात काढल्या. एकट्या टेरन्स डिक्सने त्यातली साठाहून अधिक लिहिली. चित्रं पुसली गेलेल्या भागांच्या गोष्टी मुलांपर्यंत पोचल्या त्या या छोट्या पुस्तकांतून.

पुढचा टप्पा म्हणजे पडद्यावर कधीच न आलेल्या नव्या कथा. १९७० मध्ये ब्लिशनेच ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही स्वतंत्र कादंबरी लिहिली. १९८१ साली व्होंडा मॅकिन्टायर हिची ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ पॉकेट बुक्सने काढली. ही बाई जीवशास्त्र शिकलेली, स्वतःच्या विज्ञानकादंबरीसाठी ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळवलेली. मालिकेत सुलू नावाचा अधिकारी आहे; त्याला इतकी वर्षं नुसतं आडनावच होतं. मॅकिन्टायरने त्याचं नाव ‘हिकारू’ ठेवलं. दहा वर्षांनी, १९९१ च्या सहाव्या चित्रपटात पडद्यावरचा सुलू स्वतःची ओळख हिकारू सुलू अशी करून देतो. मधली दहा वर्षं ते नाव वाचकांनी सांभाळलं होतं.

मात्र अशा लेखकाच्या हाती मालकी नसते. पात्रं दुसऱ्याची, जग दुसऱ्याचं. कर्कला मारता येत नाही आणि शेवटच्या पानावर यान जागच्या जागी परत लावावं लागतं. माझं कामही बरंचसं असंच आहे. दुसऱ्या कुणी लिहिलेल्या, चालू असलेल्या सिस्टीममध्ये काही मोडू न देता नवीन भर घालायची. आणि एक दिवस वरून नवी आवृत्ती आली की आपलं काम बाद. २००१ पासून या कादंबरीकारांनी, बंद पडलेल्या मालिकांच्या पुढची कथा एकमेकांच्या हातात हात देत वीस वर्षं वाढवली. २०२० मध्ये ‘पिकार्ड’ ही नवी मालिका आली आणि तिने वेगळाच पुढचा काळ दाखवला. तेव्हा तीन लेखकांनी २०२१ मध्ये ‘कोडा’ नावाच्या तीन कादंबऱ्या लिहून आपलं ते जग स्वतःच्या हाताने मिटवलं. वाऱ्यावर सोडलं नाही, रीतसर निरोप दिला. मला ते फार आवडलं.

आता कबुली. बाबा फोर्टात नोकरीला होते. फाउंटनच्या फुटपाथवरून त्यांनी ब्लिशचा दुसरा खंड आणला. कव्हर फाटलेलं. शब्दकोश घेऊन मी तो लावत बसायचे. एकदा बाकाखाली वाचताना इंग्रजीच्या बाईंनी पकडलं. पुस्तक जप्त होणार म्हणून मी रडवेली झाले, तर बाई म्हणाल्या, “एवढं काय आहे त्यात? मराठीत सांग सगळ्यांना.” तिथून आपले ऑफ तास सुरू झाले.

त्यात ती १९३० च्या न्यूयॉर्कची गोष्ट होती. कर्क भूतकाळात जातो, एडिथ नावाच्या भल्या बाईवर त्याचं प्रेम बसतं, आणि मग कळतं की ती जगली तर इतिहास बदलेल, महायुद्ध हिटलर जिंकेल. घंटा झाली आणि शेवट राहिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी घेरलं : “वाचली ना गं ती?” मी म्हटलं, “हो, वाचली.”

ती वाचत नाही. मोटारीखाली येते, आणि कर्क तिला वाचवू पाहणाऱ्या डॉक्टरला अडवतो. मला तुमच्या तोंडाकडे बघून ते सांगवलं नाही. पुढे कळलं की याच कथेत ब्लिशनेही मूळ लेखकाचा मसुदा आणि पडद्यावरची आवृत्ती यांची सांगड घातली होती. तेवढाच मला दिलासा.

मागच्या महिन्यात तयारीच्या बैठकीत आपल्यातल्याच एकीने लेकीला ती गोष्ट सांगितली. एडिथ वाचली, कर्कने तिला यानातून नेलं. यानाचं तर मीही सांगितलं नव्हतं. मी गप्प बसले. आज खरं ते लिहिलं. लेकीला काय सांगायचं, ते तू ठरव.