'विक्रम'च्या आज्ञावलीची दुरुस्ती

टेबलावरचा संगणक अडून बसला की आपण तो बंद करतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरू करतो. परंतु ज्या संगणकाला थांबायची मुळी सवडच नाही, त्याच्या आज्ञावलीत दोष राहिला तर काय करावयाचे? श्रोतेहो, बंगळूरच्या अवकाश-शास्त्रज्ञांनी २०१९ ते २०२३ ह्या चार वर्षांत ह्याच प्रश्नाचा पाठपुरावा केला.

१९७५ सालचा 'आर्यभट' उपग्रह बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडांमध्ये तयार झाला होता. त्याच पीण्यात आज 'इस्रो'चे नियंत्रण केंद्र आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, दोन वाजण्याच्या सुमारास, तिथले शास्त्रज्ञ पडद्यावरची हिरवी रेषा पाहत बसले होते. 'चांद्रयान-२' चे 'विक्रम' हे यान चंद्रावर उतरत होते. जमीन दोन किलोमीटरांवर आली असताना रेषा ठरलेल्या मार्गावरून ढळली, आणि थोड्याच वेळात संदेश येणे थांबले.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारने लोकसभेत उत्तर दिले. तीस किलोमीटर उंचीवरून ७.४ किलोमीटरपर्यंत येताना यानाचा वेग सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ मीटरवर ठीक आला. पुढच्या टप्प्यात मात्र तो ठरल्यापेक्षा अधिक कमी झाला, आणि यान नियोजित जागेपासून पाचशे मीटरांच्या आत आदळले. सरकारी उत्तरे लिहिण्यात ज्याची हयात चालली आहे, त्याला ह्या वाक्यांचा कोरडेपणा परिचयाचा वाटेल. पण ती नीट वाचली तर मनात प्रश्न उभा राहतो : वेग अधिक कमी झाला, तर यान आदळले कसे?

त्याचा उलगडा 'इस्रो'चे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ ह्यांनी जुलै २०२३ मध्ये जाहीरपणे केला. यानाच्या पाच इंजिनांनी अपेक्षेहून जास्त जोर लावला. त्यामुळे पडलेला फरक लगोलग सुधारला गेला नाही, कारण त्या टप्प्यात छायाचित्रे घेण्यासाठी यानाने स्थिर राहावे अशी योजना होती. सावकाराचे व्याज चढावे तशा लहान लहान चुका साचत गेल्या. मग त्या एकदम फेडण्याची वेळ आली, तेव्हा यानाला फार झपाट्याने वळावे लागले. आणि इतक्या झपाट्याने वळण्याची पाळी येईल असे कोणी गृहीत धरलेलेच नसल्याने आज्ञावलीने वळण्याच्या गतीवर मर्यादा घातलेली होती. त्यात उतरण्याची जागा अवघी पाचशे मीटर लांब व तितकीच रुंद. ती गाठण्यासाठी यान, जमीन जवळ आली तरी, वेग वाढवीत राहिले. संगणकाने हुकूम मोडला नाही. तो अखेरपर्यंत पाळला.

२० जुलै १९६९ रोजी 'अपोलो ११' चंद्रावर उतरताना त्याचाही संगणक कामाच्या ओझ्याने दबून '१२०२' असा धोक्याचा इशारा देऊ लागला होता. मात्र त्याची कार्यप्रणाली अशी रचलेली होती की गर्दी झाली तर कमी निकडीची कामे बाजूला टाकावी आणि उतरण्याचे काम चालू ठेवावे. शिवाय तिथे आर्मस्ट्राँग होते. खडकाळ जागा पाहून त्यांनी यान हाताने पुढे नेले. 'विक्रम'मध्ये माणूस नव्हता, आणि पृथ्वीवरून हाक मारून उत्तर मिळवायचे तर अडीच सेकंद जातात. जे शहाणपण द्यायचे ते निघण्यापूर्वीच द्यावे लागणार.

दुरुस्ती झाली ती ह्या जाणिवेतून. केवळ चुकलेली ओळ शोधून बदलली असती, तर पुढच्या खेपेस दुसरी एखादी ओळ चुकली असती. पूर्वीची रचना सारे सुरळीत होईल ह्या भरवशावर होती. नवी, काय काय बिघडू शकेल ह्या विचारावर उभारली, असे सोमनाथ ह्यांनी सांगितले. झपाट्याने वळण्याची मुभा वाढवली. मधले पाचवे इंजिन काढून टाकले. इंधन वाढवले, पाय भक्कम केले, वेग मोजणारे लेसरचे नवे उपकरण बसवले. आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बदल अगदी साधा होता : उतरण्याची जागा चार किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद केली. लक्ष्य मोठे करणे हा कमीपणा आहे असे मानणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. इथे तसे कोणी मानले नाही. त्या जागेची बारकाईची छायाचित्रे तर 'चांद्रयान-२' च्याच, चंद्राभोवती फिरत राहिलेल्या भागाने पुरवली.

मग चाचण्या झाल्या. यानाची उपकरणे हेलिकॉप्टरला बांधून उडवली, इंजिने क्रेनला टांगून पेटवली.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी नवा 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात अलगद टेकला. ३ सप्टेंबरला बंगळूरहून त्याला आणखी एक आज्ञा गेली. त्याने इंजिने पुन्हा पेटवली, सुमारे चाळीस सेंटिमीटर वर उचलला गेला, आणि वीतभर अंतरावर पुन्हा नीट उतरला.