रहिवासी म्हणजे नेमके कोण?

वॉर्ड ऑफिसमधल्या बैठकीला गेलो की दारातच एक वही पुढे केली जाते. नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि चौथा रकाना संस्थेच्या नावाचा. मागे आमच्या वस्तीतले पाच जण सार्वजनिक शौचालयाचा प्रश्न घेऊन अशाच एका बैठकीला गेले होते. चौथ्या रकान्यात काय लिहावे ते कोणाला कळेना. शेवटी एकाने जयंती मंडळाचे नाव लिहिले. वरच्या सगळ्या ओळींत सोसायट्यांची नावे होती. बैठक दीड तास चालली. पार्किंग झाले, भटकी कुत्री झाली, झाडांची छाटणी झाली, फेरीवाले तर दोनदा झाले. शौचालयाचे नाव काढल्यावर उत्तर मिळाले, "तो वेगळा विषय आहे, नंतर भेटा."

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी छापून येते, "स्थानिक रहिवाशांच्या मागणीवरून कारवाई." आम्हीही तिथलेच रहिवासी. मग ही मागणी कोणाची? हा प्रश्न नवा नाही. आपल्या चळवळीची सुरुवातच त्यातून झाली, फक्त आपण महाडचा इतिहास या बाजूने क्वचित वाचतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेचा निर्णय आपल्या बाजूने होता, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह त्या कागदाची अंमलबजावणी केली. पुढे काय झाले? गावातल्या सवर्णांनी दबाव आणला आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरमध्ये गावातले काही सवर्ण रहिवासी दिवाणी न्यायालयात गेले. तळ्याभोवती आमची घरे आहेत, वहिवाट आमची आहे, अस्पृश्यांना इथे हक्क नाही, अशी त्यांची तक्रार होती. आजच्या भाषेत बोलायचे तर हा रहिवासी संघाचा अर्ज होता! उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि सवर्णांची ती तथाकथित वहिवाट सिद्ध होत नाही, असे त्यात म्हटले. एका ओंजळीच्या कायदेशीर मान्यतेला दहा वर्षे लागली.

आता मुंबईकडे या. इथली 'नागरिकांची चळवळ' करदात्यांच्या चळवळीतून आली. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या उधळपट्टीविरुद्ध १८७१ मध्ये करदात्यांनी आंदोलन केले आणि १८७२ चा कायदा झाला. चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे, असे ठरले. देशाच्या नागरी स्वराज्याचा पाया म्हणून याचे कौतुक होते आणि ते काही अंशी खरेही आहे. पण मत कोणाला होते? वर्षाला पन्नास रुपये कर भरणाऱ्याला. १९२२ मध्ये महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले, तेव्हा ती मोठी सुधारणा मानली गेली. जो गटार उपसत होता, मैला वाहत होता, रस्ता झाडत होता, त्याच्या कामावर शहर चालत होते. पण त्याचे भाडे दहा रुपयांना पोहोचत नव्हते. महापालिकेच्या निवडणुकीत प्रौढ मताधिकार आला १९४८ मध्ये. म्हणजे तब्बल पंचाहत्तर वर्षे या शहरात नागरिक होण्यासाठी पावती दाखवावी लागत होती.

बाबासाहेबांनी नेमक्या याच पावतीवर बोट ठेवले. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी मागणी केली, की अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट इतकी खाली आणा की त्यांच्यातले जास्तीत जास्त लोक राजकीय जीवनात येतील. ज्या समाजाला मालमत्ता करूच दिली नाही, त्याला मालमत्ता नाही म्हणून मत नाकारायचे, हा कुठला न्याय? ऑक्टोबर १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना ते आणखी पुढे गेले. अस्पृश्य गावोगाव अल्पसंख्य आहेत, म्हणून राखीव प्रतिनिधित्वाशिवाय अशी पंचायत आम्हाला मान्य नाही, ही त्यांची भूमिका होती. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याचा आनंद व्यक्त केला. ते भाषण आपण गावाबद्दलच्या टीकेसाठी नेहमी सांगतो. शहरातल्या गल्लीलाही ते तितकेच लागू आहे, हे मात्र विसरतो. अधिकार 'परिसरा'ला दिला की तो परिसरातल्या बलवानाच्या हातात जातो.

१ जून १९९३ रोजी ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, महिलांना एक तृतीयांश. हे आपले यश आहे आणि ते छोटे नाही. पण याच दशकात मुंबईत सहभागाचे दुसरे दार उघडले, ज्याला आरक्षण नव्हते आणि निवडणूकही नव्हती. घाटकोपरच्या एका गल्लीतल्या प्रयोगानंतर १९९७ च्या सुमारास महापालिकेने 'प्रगत परिसर व्यवस्थापन', म्हणजे ए.एल.एम., सुरू केले. गल्लीतल्या घरांनी एकत्र यायचे, कचरा वेगळा करायचा, आणि बदल्यात वॉर्ड ऑफिसने त्यांचे ऐकायचे. कचरा वेगळा केला, उत्तम केले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. झोपडपट्ट्यांसाठी महापालिकेने जी योजना काढली तिचे नाव होते 'दत्तक वस्ती'. नावातच सगळे आले! तिथल्या स्थानिक संस्थेने तुटपुंज्या मानधनावर 'स्वयंसेवक' लावायचे आणि वस्ती झाडून घ्यायची. सोसायटीवाला भागीदार झाला आणि वस्तीवाला दत्तक. एकाने सूचना द्यायच्या, दुसऱ्याने झाडू मारायचा. या वाटणीत जातीचे नाव कुठेही लिहिलेले नाही आणि लिहायची गरजही पडली नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईचे सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात, हे सोबत लक्षात ठेवा.

दिल्लीत २००० मध्ये आलेल्या 'भागीदारी' योजनेचीही तऱ्हा हीच होती. आधी भागीदार ठरले ते अधिकृत वसाहतींचे संघ.

निवडून दिलेले सभागृह असेल तर त्याला निदान जाब विचारता येतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात वस्तीकडे नगरसेवकही नव्हता. सोसायट्यांकडे साहेबांचा नंबर होता.

म्हणून रहिवासी संघ बंद करा असे आम्ही म्हणत नाही. एकत्र येण्याचा हक्क त्यांना आहे तसा आपल्यालाही आहे, आणि आपण तो कसा वापरतो हेही पाहायला हवे. पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेले आपलेच लोक सहा महिन्यांत फाटकावर 'फेरीवाल्यांना मनाई' ही पाटी लावतात. सोसायटीच्या कमिटीत आपल्या किती बाया असतात? १४ एप्रिलची वर्गणी, मिरवणूक, ६ डिसेंबरचे अन्नदान यांसाठी आपली मंडळे रात्रभर राबतात, पण वर्षभरात वॉर्ड ऑफिसात एकही पत्र देत नाहीत. दिलेच तर आवक क्रमांक घेत नाहीत.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने एक वाट दाखवली आहे. शहराच्या समितीत रहिवासी संघांना स्थान आहे, पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले हवेत. ज्याच्या पोटाचा निर्णय, तो टेबलावर हवा. पाण्याच्या समितीला, शौचालयाच्या देखभालीला, विकास आराखड्याच्या सुनावणीला हेच तत्त्व का नको?

आणि एक कायदा तर हातातच आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्रांनुसार क्षेत्र पाडायचे आणि त्या क्षेत्रातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य. इथे मालकी हक्क विचारला जात नाही, देखभाल खर्चाची पावती नाही, कट-ऑफ तारीख नाही. मतदार यादीत नाव असले की पुरे. सोसायटीचा अध्यक्ष आणि त्याच सोसायटीचा जिना झाडणारी बाई, दोघांचे एकेक मत. एवढी सोपी सभा कागदावरून खाली का येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

पाण्याचेही तसेच. २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले. महाडच्या निकालानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी पुन्हा तेच न्यायालय आणि पुन्हा पाणीच. ठराव १९२४ मध्येही होता.

या महिन्यात आम्ही आमच्या प्रभागात क्षेत्रसभेची तारीख मागणारे पत्र देत आहोत. पत्राखाली मंडळाचे नाव नसेल. प्रत्येक सहीपुढे मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असेल. आतापर्यंत दोनशे अकरा सह्या झाल्या आहेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायांच्या. शौचालयाचा विषय पहिल्या क्रमांकावर घातला आहे.