आप्ताची साक्ष

घरांतील एखाद्या माणसावर फौजदारी खटला उभा राहिला आणि बचावाच्या वकिलानें "आपणांस साक्ष द्यावी लागेल" असें त्याच्या भावास, पत्नीस किंवा वडिलांस सांगितलें, म्हणजे पहिला प्रश्न बहुधा एकच निघतो : "आम्ही तर घरचे, आमचें कोण खरें मानणार?" सुरगाण्यासारख्या डोंगरी तालुक्यांतून बोरगांव, वणी, दिंडोरी असा प्रवास करून नाशिकच्या न्यायालयांत जावयाचें, आणि तेथें आपला शब्द नात्यामुळेंच वाया जावयाचा, अशी ही समजूत आहे. ती कोठून आली आणि कितपत खरी आहे, हें आज पाहावयाचें आहे.

तिचें मूळ फार जुनें आहे. मनुस्मृतींत साक्षीदार कोण नसावेत याची जी यादी दिली आहे, तींत अर्थसंबंध असलेला, आप्त, साहाय्यक आणि वैरी हे सारे एका ओळींत बसविले आहेत. म्हणजे प्रेम आणि द्वेष हीं दोन्ही सत्याला सारखींच बाधक, असा त्या काळचा न्याय. याज्ञवल्क्यानें सामान्यतः तीन तरी साक्षी असावेत असें सांगितलें. पण हे शास्त्रकार व्यवहारशून्य नव्हते. चोरी, मारहाण, साहस अशा प्रसंगीं साक्षीदार निवडून मिळत नाहींत. जो तेथें असेल तोच साक्षी. म्हणून अशा खटल्यांत कोणीहि साक्षी चालतो, असा अपवाद याज्ञवल्क्यानें ठेवला. घराच्या आंत किंवा अरण्यांत घडलेल्या गोष्टीविषयीं मनूनेंहि हीच सवलत दिली आहे. घराच्या चार भिंतींआड जें घडतें तें घरच्यांवांचून कोण सांगणार, हा विचार दोन हजार वर्षांपूर्वींहि सुचला होता.

मराठेशाहींत वतनाचे तंटे गोतसभेंत चालत, निर्णयाचा महजर होई, आणि साक्षीदारांस देवळांत किंवा नदीच्या पाण्यांत उभें करून शपथ घालीत. मानवी पुरावा थकला म्हणजे तापलेल्या तेलांतून धातूचा तुकडा काढण्याचें रवादिव्य असे. पण तो गांवचा न्याय होता; साक्षीदार कोणाचा कोण हें सभेंतील प्रत्येकास ठाऊकच असे.

इंग्रजी कायद्याची कथा याहून चमत्कारिक आहे. ज्या इंग्लंडच्या न्यायपद्धतीचें आपण कौतुक ऐकत आलों, तेथें एकोणिसावें शतक अर्धें सरेपर्यंत खुद्द पक्षकाराला स्वतःच्या दिवाणी दाव्यांत साक्ष देतां येत नसे. १८४३ च्या कायद्यानें खटल्यांत हितसंबंध असलेल्या इतर साक्षीदारांवरील बंदी उठली, १८५१ सालीं पक्षकारांवरील आणि १८५३ सालीं दिवाणी कामापुरती पति-पत्नींवरील. फौजदारी खटल्यांत आरोपीच्या पत्नीस बचावासाठीं पिंजऱ्यांत उभें राहण्याचा सर्वसाधारण अधिकार तेथें १८९८ सालीं मिळाला. आणि हिंदुस्थानांत? जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं रचलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत १२० व्या कलमानें आरोपीचा पति किंवा पत्नी ही सक्षम साक्षीदार ठरविली गेली. म्हणजे या एका बाबतींत राज्यकर्त्यांच्या देशापेक्षां जिंकलेला देश सव्वीस वर्षें पुढें होता! स्टीफनसाहेबांना आपल्या देशांत जें साधलें नाहीं तें त्यांनीं येथें करून पाहिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याच कायद्याच्या १३४ व्या कलमानें साक्षीदारांच्या संख्येची अटहि काढून टाकली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आंकडे बदलले, हीं तत्त्वें तशींच राहिलीं.

आतां एका खटल्याकडे वळूं. २७ एप्रिल १९५९ रोजीं मुंबईस नौदलाचे अधिकारी कवास नानावटी यांनीं प्रेम आहुजा यांस त्यांच्या राहत्या घरीं गोळ्या घातल्या आणि स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्या दिवशीं दुपारीं नानावटींच्या पत्नी सिल्व्हिया यांनीं आहुजांशीं आपला संबंध असल्याचें पतीपाशीं कबूल केलें होतें. खटला उभा राहिला तेव्हां याच सिल्व्हियाबाई बचावाच्या साक्षीदार म्हणून पुढें आल्या. त्या साक्षीची किंमत काय होती, याचा विचार करावा. पतीस वांचविण्यासाठीं आपली अप्रतिष्ठा भर न्यायालयांत, नऊ जूरर आणि सारें शहर ऐकत असतां, स्वतःच्या तोंडानें सांगावयाची! आहुजांस लिहिलेलीं त्यांचीं पत्रेंहि पुराव्यांत आलीं.

त्यांनीं काय सांगितलें? कबुली ऐकतांच पति उसळून उठले आणि आहुजांकडे जाण्यास निघाले. आपण त्यांस धरलें, तो तुम्हांवर गोळी झाडील म्हणून विनविलें. तेव्हां, माझें काय व्हावयाचें तें होवो, मी स्वतःलाच गोळी घालीन, असें ते म्हणाले. मग कांहींसे शांत झाल्यावर, आहुजा तुझ्याशीं लग्न करून मुलांचा सांभाळ करील काय, असें त्यांनीं विचारलें. या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आपण लाजेनें टाळलें, असेंहि त्यांनीं सांगितलें.

जूरीनें आठ विरुद्ध एक मतांनीं आरोपी निर्दोष ठरविला. न्यायाधीश मेहता यांस तो कौल पटला नाहीं. त्यांनीं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविलें. तेथें सरकारच्या बाजूनें यशवंत विष्णु चंद्रचूड उभे होते. मार्च १९६० मध्यें उच्च न्यायालयानें खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. या निकालांत आपल्या विषयाला लागू असा एक भाग आहे. क्षोभाचा पहिला आवेग आला होता हें न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं मानलें. पण दीड वाजतां घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंत, पत्नी व मुलांस चित्रपटगृहाशीं सोडून, जहाजावरून खोट्या सबबीवर रिव्हॉल्व्हर घेऊन, जवळजवळ तीन तास गेले होते. आणि पत्नी व मुलांच्या भवितव्याचा विचार ज्याच्या मनांत चालला आहे, तो भानावर आलेला असला पाहिजे. म्हणजे घरांतील संभाषणाची जी हकीकत पतीच्या सज्जनपणाची साक्ष म्हणून पुढें आली, तिनेंच क्षोभाचा बचाव कच्चा केला. पत्नी आहे म्हणून शब्द टाकून दिला गेला नाहीं. तो तोलला गेला, आणि तोलल्यावर दोन्ही पारड्यांत पडला. पुढें १९६४ सालीं राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनीं नानावटींस माफी दिली आणि तें कुटुंब कॅनडास गेलें, तो भाग निराळा.

नातलगांच्या साक्षीविषयीं सर्वोच्च न्यायालयानें वेळोवेळीं स्पष्ट बोलून ठेविलें आहे. १९५३ सालीं दलीपसिंग खटल्यांत, नागपूरच्या उच्च न्यायालयांत पूर्वीं मुख्य न्यायाधीश असलेले विव्हियन बोस यांनीं, केवळ नात्यामुळें साक्ष अविश्वसनीय ठरत नाहीं, असा दंडक घातला. ते साक्षीदार फिर्यादीच्या बाजूचे होते; बचावाच्या साक्षीदारांचें काय, ही शंका राहिलीच होती. तिचें उत्तर १९८१ सालीं दूधनाथ पांडे खटल्यांत मिळालें : बचावाच्या साक्षीदारांसहि सरकारी साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळाली पाहिजे, आणि त्यांच्यावर अविश्वास ठेवण्याची न्यायालयांची जुनी खोड सुटली पाहिजे. हें लिहिणारे सरन्यायाधीश म्हणजे नानावटी प्रकरणांत सरकारतर्फे उभे राहिलेले तेच चंद्रचूड होत. त्या खटल्यांत आरोपीला मात्र याचा लाभ झाला नाहीं, कारण त्याच्या साक्षीदारांचें म्हणणें मुद्द्यालाच पुरें पडलें नाहीं.

तेव्हां तयारी करावयाची ती कशाची? पाठांतराची नव्हे. शाळेंत जन्म घालविलेल्या माणसास, पाठ केलेलें उत्तर दुसऱ्याच वाक्यास कसें ओळखूं येतें, हें कोणी सांगावयास नको. उलटतपासणी करणारा वकील तर त्यांतच मुरलेला असतो. आपल्या बाजूच्या वकिलास सरतपासांत उत्तर सुचविणारे प्रश्न सामान्यतः विचारतां येत नाहींत, म्हणून हकीकत स्वतःच्या क्रमानें सांगतां आली पाहिजे. विरुद्ध पक्षास मात्र तशी मोकळीक आहे. स्वतः पाहिलें तें आणि दुसऱ्याकडून ऐकलें तें मनांत आधींच वेगळें करून ठेवावें. प्रसंगाच्या सुमारास लिहिलेलें टिपण असेल तर न्यायालयाच्या परवानगीनें तें पाहून आठवण ताजी करतां येते. खटल्यासाठीं मागाहून रचलेलें टिपण त्या कामाचें नाहीं. वेळ, अंतर, उजेड आठवत नसेल तर "आठवत नाहीं" म्हणण्यास कमीपणा मानूं नये. भावाच्या प्रेमानें एक वाक्य वाढविलें, तर तें एकटें खोटें ठरत नाहीं, शेजारच्या खऱ्या दहा वाक्यांस घेऊन बुडतें. शिवाय खोट्या साक्षीस सात वर्षांपर्यंत कैद आहेच. आपल्या माणसास अडचणीची असलेली खरी गोष्ट वकिलापासून लपवूं नये, हें तर सर्वांत आधीं.

साक्ष संपली म्हणजे लिहून घेतलेली जबानी साक्षीदारास वाचून दाखविण्याचा नियम आहे. दमलेला माणूस येथें न ऐकतांच सही करून मोकळा होतो. तसें करूं नये. कांहीं चुकलें असें वाटल्यास तें तेथेंच सांगावें. न्यायाधीश दुरुस्ती करतात किंवा हरकतीची नोंद ठेवतात. जबानी आपणांस न समजणाऱ्या भाषेंत लिहिली असेल तर ती समजेल अशा भाषेंत सांगितली गेली पाहिजे, हाहि नियमच आहे. आणि ज्यांच्या घरीं कोकणा बोली चालते अशा आमच्या सुरगाण्याकडील मंडळींनीं तो मुद्दाम लक्षांत ठेवून, सही करण्यापूर्वीं तसें मागून घ्यावें.