कादंबरी ‘बेस्टसेलर’ कशी होते आणि बेस्टसेलर कशी राहते?

‘ॲमेझॉन बेस्टसेलर’, ‘पंधरा दिवसांत दुसरी आवृत्ती’, ‘वाचकांची सर्वाधिक पसंती’. पुस्तकांच्या पोस्टवर असे शिक्के आपण रोज पाहतो. पण हे तीन शिक्के तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक तासाभराची क्रमवारी असू शकते, दुसरा छापखान्यातला आकडा आणि तिसरा निव्वळ जाहिरात.

थोडक्यात

- यादीत पोहोचण्यासाठी थोड्या दिवसांत एकदम विक्री लागते. टिकण्यासाठी वर्षानुवर्षं थोडी थोडी विक्री लागते.
- मराठीत ‘बेस्टसेलर’ हा शब्द बहुतेक वेळा यादीवरून नाही, तर आवृत्त्यांवरून ठरतो.
- वाचनालयातून वाचली गेलेली कादंबरी कुठल्याही यादीत मोजली जात नाही. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांसाठी हा फरक मोठा आहे.

बेस्टसेलर यादी आली कुठून?

अमेरिकेतल्या ‘द बुकमन’ या मासिकानं १८९५ मध्ये जास्त खपणाऱ्या पुस्तकांची यादी छापायला सुरुवात केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची यादी १९३१ मध्ये सुरू झाली. आधी ती एका शहरापुरती होती, १९४२ पासून देशपातळीवर गेली.

ही यादी म्हणजे देशातल्या एकूण खपाची सरळ बेरीज नव्हे. निवडक दुकानं आणि विक्रेत्यांकडून आलेल्या आकड्यांवर ती बेतलेली असते आणि हिशेबाची पद्धत वृत्तपत्र जाहीर करत नाही. ‘द एक्झॉर्सिस्ट’चे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांची ‘लीजन’ ही कादंबरी १९८३ मध्ये आली. पुरेसा खप असूनही तिला यादीत योग्य स्थान दिलं नाही, असा दावा करत ते न्यायालयात गेले. यादी हा संपादकीय मजकूर आहे, अशी वृत्तपत्राची बाजू होती. ब्लॅटी यांचा दावा टिकला नाही.

घाऊक खरेदी करून पुस्तक वर ढकलण्याचे प्रकारही होतात. तसा संशय असलेल्या पुस्तकापुढे ही यादी एक खूण करते.

मराठीत अशी यादी आहे का?

हिंदीसाठी दैनिक जागरण आणि नीलसन यांनी २०१७ मध्ये दर तीन महिन्यांची बेस्टसेलर यादी सुरू केली. मराठीत काही दुकानं आणि वृत्तपत्रं आपापल्या याद्या देतात, पण सगळ्या बाजाराचं माप म्हणून सर्वांनी मानावी अशी एक यादी रुळलेली नाही. तिची जागा ‘आवृत्ती’ या शब्दानं घेतली आहे.

इथेच वाचकाची गल्लत होते. आवृत्तीत किती प्रती असाव्यात याचा नियम नाही. पूर्वी साधारण हजार प्रतींची आवृत्ती निघायची. डिजिटल छपाई आल्यापासून तीनशे किंवा त्याहून कमी प्रतीही छापता येतात. त्यामुळे एका पुस्तकाची ‘पाचवी आवृत्ती’ दुसऱ्याच्या दोन आवृत्त्यांपेक्षा कमी प्रतींची असू शकते. शिवाय आवृत्ती छापलेल्या प्रती सांगते, विकलेल्या नाही.

यादीत पोहोचतात कसं?

पोहोचण्याचं सूत्र एकच आहे: विक्री कमी दिवसांत गोळा करणं. त्याचे रूढ मार्ग असे:

- प्रकाशनपूर्व सवलत: वाचक आधी पैसे भरून नाव नोंदवतात. प्रकाशकाला छपाईचा अंदाज येतो आणि सुरुवातीची विक्री एकाच आठवड्यात दिसते.
- किंमत: चेतन भगत यांची ‘फाइव्ह पॉइंट समवन’ २००४ मध्ये अवघ्या ९५ रुपयांना आली. इंग्रजी कादंबरी कॉलेजच्या मुलांच्या खिशाला परवडली.
- जाहिरात: अमीश त्रिपाठी यांनी २०१० मध्ये पहिल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण दुकानांतून फुकट वाटलं आणि पुस्तकासाठी सिनेमासारखा ट्रेलर काढला.
- छोटा गट निवडणं: ऑनलाइन दुकानात शेकडो उपविभाग असतात आणि त्यांची क्रमवारी सतत बदलते. कमी पुस्तकं असलेल्या विभागात मोजक्या प्रती विकूनही ‘नंबर १’ मिळतो. २०१६ मध्ये एका अमेरिकी मार्केटिंग तज्ज्ञानं आपल्या पायाच्या फोटोचं ‘पुस्तक’ ॲमेझॉनवर टाकलं आणि जेमतेम काही प्रतींच्या खरेदीवर हा शिक्का मिळवून दाखवला.

टिकतात कसं?

टिकणाऱ्या मराठी कादंबऱ्या पाहिल्या तर कारणं वेगळी दिसतात.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. तिला १९६० मध्ये साहित्य अकादमी आणि १९७४ मध्ये ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ ची. ही पुस्तकं आजही दुकानात मिळतात, कारण ययाती, माधवराव पेशवे, कर्ण, पानिपतची लढाई यांची ओळख वाचकाला आधीपासून आहे. नवा वाचक दर वर्षी तयार होतो आणि बक्षीस, वाढदिवस, भेट यासाठी पुस्तक घेतलं जातं.

दुसरं कारण पडदा. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. लेखक २००३ मध्ये गेले आणि चित्रपट आला २०१३ मध्ये. तीस वर्षांपूर्वीची कादंबरी नव्या पिढीच्या हातात गेली, तेव्हा तिचा लेखक हयात नव्हता.

तिसरं कारण उपलब्धता. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा कॉपीराइट २०१० अखेर संपला. भारतात तो लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं असतो. त्यानंतर कुणालाही हे पुस्तक छापता येऊ लागलं. आज ते वेगवेगळ्या प्रकाशकांकडून, वेगवेगळ्या किमतीत मिळतं.

थोडक्यात, पोहोचण्यात लेखक आणि प्रकाशकाचा जोर दिसतो. टिकण्यात अभ्यासक्रम, वाचनालयं, पुरस्कार, सिनेमा आणि एका वाचकानं दुसऱ्याला केलेली शिफारस दिसते.

चंद्रपूर-गडचिरोलीतून काय दिसतं?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. या जंगलपट्ट्यातून आलेली ठळक कादंबरी म्हणजे विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. मनोहर हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पातले कार्यकर्ते. हा प्रकल्प बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केला. माडिया माणसाची जंगल खातं, ठेकेदार, पोलीस आणि नक्षलवादी यांच्यामध्ये होणारी कोंडी हा या कादंबरीचा विषय. १९९० च्या दशकात ती मुंबईच्या ‘ग्रंथाली’नं काढली.

ग्रंथाली ही वाचक चळवळ म्हणून उभी राहिली. सभासद आणि ठिकठिकाणची प्रदर्शनं यांतून पुस्तक वाचकापर्यंत न्यायचं, ही तिची रीत. दुकानांवर अवलंबून राहिली असती, तर अशा विषयाची कादंबरी शहराबाहेर पोहोचणं अवघड होतं. पहिल्या आठवड्याच्या गर्दीवर ती उभी नव्हती. गडचिरोलीची बातमी आली की हा प्रश्न मुळात काय आहे, असं विचारणाऱ्याला आजही याच पुस्तकाचं नाव सांगितलं जातं.

याच जिल्ह्यातून आलेली ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (डॉ. अभय बंग) आणि ‘प्रकाशवाटा’ (डॉ. प्रकाश आमटे) ही पुस्तकं कादंबऱ्या नाहीत, पण मराठीत दीर्घकाळ खपणाऱ्या पुस्तकांत त्यांची गणना होते. तिन्ही पुस्तकांचे लेखक याच जिल्ह्यात काम करणारे, प्रकाशक मात्र पुण्या-मुंबईचे.

यादी कुणाला मोजत नाही?

गडचिरोलीत १२ आणि चंद्रपुरात १५ तालुके आहेत. तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान असलंच, तर तिथे बहुतेक शालेय आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात. कादंबरी वाचायची तर आधार सार्वजनिक वाचनालयाचा. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड वर्गांच्या वाचनालयांना अनुदान मिळतं.

समजा, एका वाचनालयानं कादंबरीची एक प्रत घेतली आणि पाच वर्षांत ती ऐंशी जणांनी नेली. विक्रीच्या हिशेबात तो आकडा एकच. पुण्यात एकानं भेट द्यायला दहा प्रती घेतल्या, तर आकडा दहा, मग त्या कुणी उघडल्या नाहीत तरी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि त्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांतून घरोघरी फिरल्या. त्यांचे खरे वाचक किती, हे कुठल्याही यादीतून कळणार नाही.

म्हणून मराठी प्रकाशकांच्या दृष्टीनं दुसरीच एक यादी मोलाची असते. ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयांसाठी ग्रंथालय संचालनालय काढतं ती शासनमान्य ग्रंथांची यादी. तिच्यावर ‘बेस्टसेलर’ असा शब्द नसतो, पण कोणतं पुस्तक गावातल्या कपाटात पोहोचेल, यात तिचा वाटा असतो. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही ग्रंथालयांसाठी पुस्तकं घेतं.

रोखीनं होणारी विक्रीही निसटते. चंद्रपुरात १९७९ मध्ये वामन चोरघडे यांच्या आणि २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. संमेलनातल्या स्टॉलवर विकलेली पुस्तकं ऑनलाइन क्रमवारीत दिसत नाहीत. झाडीबोलीत लिहिणाऱ्या लेखकाची तर बरीच विक्री अशी हातोहातच होते.

पोस्ट दिसली तर काय विचारायचं?

१. कुणाची यादी? दुकानाची, वृत्तपत्राची की ऑनलाइन उपविभागाची?
२. किती काळाची? तास, आठवडा की वर्ष?
३. आवृत्ती असेल तर किती प्रतींची? पहिली आवृत्ती कोणत्या वर्षाची? ही वर्षं पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेली असतात.
४. तुमच्या वाचनालयात ती कादंबरी आहे का? असेल तर किती वेळा गेली, हे ग्रंथपालांना विचारा.

नसेल, तर मागणी नोंदवा. गावातल्या वाचकाचं मत जिथे खरोखर मोजलं जाऊ शकतं, अशी ती एक जागा आहे.