एचआयव्हीसह जगणारे हिस्पॅनिक पुरुष आणि नैराश्य

अमेरिकेच्या लोकसंख्येत हिस्पॅनिक समाजाचे प्रमाण सुमारे १९ टक्के आहे. मात्र २०२२ मध्ये त्या देशात एचआयव्हीची नव्याने लागण झालेल्यांमध्ये या समाजाचा वाटा सुमारे एक तृतीयांश होता. बाधितांमध्ये पुरुषांची, विशेषतः समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांची, संख्या मोठी आहे. १९९६ पासून संयुक्त औषधोपचार उपलब्ध झाल्याने हा आजार आटोक्यात ठेवता येतो. त्याच्या सोबत येणारे नैराश्य मात्र अनेकदा ओळखलेच जात नाही आणि त्याचा फटका पुन्हा औषधोपचारालाच बसतो.

हिस्पॅनिक कोण?

स्पॅनिश भाषा व संस्कृतीशी नाते सांगणाऱ्या अमेरिकेतील रहिवाशांना हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हटले जाते. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ६ कोटी २१ लाख होती. मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा, मध्य व दक्षिण अमेरिका अशी त्यांची मूळस्थाने वेगवेगळी आहेत. काही कुटुंबे पिढ्यानपिढ्या अमेरिकेत राहत आहेत, तर काही जण अलीकडेच स्थलांतरित झाले आहेत. त्यामुळे सर्वांना एकच निष्कर्ष लावणे योग्य ठरत नाही.

नैराश्याची कारणे

अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एचआयव्हीबाधितांमध्ये तीव्र नैराश्याचे प्रमाण बाधा नसलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. आजाराचे निदान, समाजाकडून होणारी अवहेलना आणि एकटेपणा ही त्यामागील सर्वपरिचित कारणे आहेत.

हिस्पॅनिक पुरुषांच्या बाबतीत आणखी काही कारणांची भर पडते. संशोधक राफाएल डियाझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, मायामी आणि लॉस एंजेलिस येथील ९१२ समलिंगी व उभयलैंगिक लॅटिनो पुरुषांचा अभ्यास केला. त्यात बाधित आणि अबाधित असे दोन्ही पुरुष होते. हा अभ्यासही २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या सहा महिन्यांत एकदा तरी मन उदास झाल्याचे ८० टक्के पुरुषांनी सांगितले, तर १७ टक्के पुरुषांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. उदास वाटणे म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे. तरीही समलैंगिकतेचा तिरस्कार, वंशभेद आणि गरिबी यांचा मानसिक त्रासाशी थेट संबंध असल्याचे या अभ्यासाने दाखवून दिले.

घरातील संस्कारही येथे महत्त्वाचे ठरतात. पुरुषाने खंबीर राहावे, कुटुंबाचा आधार व्हावे, दुःख बोलून दाखवू नये, या अपेक्षेला स्पॅनिशमध्ये ‘माचिस्मो’ म्हणतात. कुटुंबाला सर्वोच्च मानणाऱ्या ‘फामिलिस्मो’ या मूल्याचे परिणाम दुहेरी आहेत. कुटुंबाने स्वीकारले तर त्याच्याइतका मोठा आधार नसतो. परंतु त्याच कुटुंबाची मान खाली जाईल या भीतीने अनेक जण आजार लपवतात.

स्थलांतरितांना कायद्याचीही धास्ती होती. १९८७ पासून एचआयव्हीबाधित परदेशी नागरिकांना अमेरिकेत प्रवेश व कायम वास्तव्य नाकारले जात असे. ही बंदी जानेवारी २०१० मध्ये उठली. तथापि, वास्तव्याची कागदपत्रे नसलेल्यांना आजही रुग्णालयात नाव नोंदविताना धाकधूक वाटते.

निदानातील अडचण

थकवा, झोप न लागणे, भूक मंदावणे आणि वजन घटणे ही नैराश्याची लक्षणे एचआयव्ही संसर्गातही दिसतात. साहजिकच रुग्ण आणि डॉक्टर दोघेही त्यांचा दोष मूळ आजाराला देतात. एफाविरेन्झ या एचआयव्हीविरोधी औषधानेही काही रुग्णांमध्ये नैराश्य येऊ शकते. त्यातच अनेक स्पॅनिशभाषक मनाच्या त्रासाला ‘नेर्व्हिओस’, म्हणजे नसांचा त्रास, असे संबोधतात किंवा डोकेदुखी व अंगदुखीची तक्रार घेऊन येतात.

यावर उपाय म्हणून नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कोणत्याही गोष्टीत रस वाटेनासा झाला का, निराश वाटले का, स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, असे प्रश्न तीत असतात. ही प्रश्नावली स्पॅनिशमध्येही उपलब्ध आहे. मात्र घरातील व्यक्तीला दुभाषी केले, तर रुग्ण मन मोकळे करण्याची शक्यता कमी होते.

उपचार

नैराश्याने ग्रासलेला रुग्ण गोळ्या चुकवतो, तपासण्या टाळतो. त्यामुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण पुन्हा वाढते. याउलट, औषधे नियमित घेऊन विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी राखले, तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही. ही माहिती अनेकांच्या मनातील अपराधीपणाचे ओझे हलके करते.

नैराश्यावर समुपदेशन, विचार व वर्तन यांवर आधारित मानसोपचार आणि नैराश्यरोधक औषधे परिणामकारक ठरतात. मेक्सिको सीमेवरील एल पासो येथे एचआयव्हीबाधित लॅटिनो रुग्णांसाठी ‘नुएवो दिआ’, म्हणजे ‘नवा दिवस’, हा प्रयोग करण्यात आला. त्यात नैराश्यावरील मानसोपचार आणि औषधे वेळेवर घेण्याचे मार्गदर्शन एकत्र देण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या, प्राथमिक अभ्यासाचे निष्कर्ष आशादायक होते.

औषधांबाबत सावधगिरी आवश्यक आहे. काही एचआयव्हीविरोधी औषधांमुळे नैराश्यरोधक औषधांचे रक्तातील प्रमाण बदलते. ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही चिठ्ठीशिवाय मिळणारी वनौषधी तर एचआयव्हीविरोधी औषधांचा प्रभाव कमी करू शकते. म्हणून कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

मदतीच्या सोयी

१९९० च्या रायन व्हाइट कायद्यानुसार विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या बाधितांना उपचारांसाठी साह्य मिळते. त्यात मानसिक आरोग्यसेवेचाही समावेश आहे. लॉस एंजेलिसमधील ‘बिएनेस्तार’ आणि न्यूयॉर्कमधील ‘लॅटिनो कमिशन ऑन एड्स’ या संस्था अनेक वर्षांपासून या समाजात काम करीत आहेत. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या ९८८ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर स्पॅनिशमध्येही बोलता येते. लॅटिनो समाजात एड्सविषयी जागृती करण्यासाठी २००३ पासून दरवर्षी १५ ऑक्टोबर हा दिवस पाळला जातो.

एचआयव्हीच्या प्रत्येक तपासणीच्या वेळी रुग्णाच्या मनःस्थितीचीही त्याच्या भाषेत आणि एकांतात विचारपूस व्हायला हवी. वेळेवर निदान झाल्यास नैराश्य बरे होऊ शकते आणि एचआयव्हीवरील उपचारही सुरळीत चालू राहतात.