माजघर आणि तैलरंग

घराच्या अंतर्भागाचे चित्रण हा चित्रकलेतील एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. युरोपात सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी, विशेषतः पीटर द होख आणि योहानेस व्हर्मीर यांनी, खिडकीतून आत येणारा उजेड, फरशी, भिंत आणि कामात गढलेली स्त्री एवढ्याच सामग्रीवर त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. मराठी मुलखात हा प्रकार एकोणिसाव्या शतकात तैलरंगांतून आला असे सामान्यतः समजले जाते आणि माध्यमापुरते ते खरेही आहे. परंतु घरात बसलेल्या माणसांचे, त्यातही पती-पत्नीच्या सहवासाचे, चित्र काढावे की नाही हा प्रश्न त्याआधी तीनशे वर्षे अहमदनगरच्या निजामशाही दरबारात उभा राहिला होता, आणि तेथे त्याचा जो शेवट झाला तो लक्षात घेतल्यावाचून पुढच्या तैलचित्रांचे मोल नीट कळत नाही.

हुसेन निजामशहा पहिला हा १५५३ ते १५६५ या काळात अहमदनगरच्या गादीवर होता. १५६५ च्या जानेवारीत दक्षिणेतील सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा जो पराभव केला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचले. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असून अहमदनगर शैलीची सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी चित्रे तीत आहेत. त्यांत लढाईची दृश्ये आहेत, तशीच महालातील दृश्येही आहेत: कमानीखाली आसन मांडलेले, भोवती चोळी आणि साडी नेसलेल्या, लांब वेणीला गोंडे लावलेल्या दासी, आणि आसनावर सुलतानाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायून. राजाबरोबर राणीला इतक्या मोकळेपणाने दाखवणारी चित्रे त्या काळातील मुस्लिम दरबारांत फार दुर्मिळ आहेत. हुसेनच्या मृत्यूनंतर खुंजा हुमायूनने अल्पवयीन मुलगा मुर्तजा याच्या नावाने राज्य चालवले, आणि १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. हस्तलिखितातील बहुतेक चित्रांत राणीची आकृती नंतर पुसून किंवा रंगाखाली झाकून टाकलेली आढळते. सुलतान, दासी, कमान, गालिचा हे सारे जागेवर आहे आणि राणीच्या जागी डाग आहे. पुढे १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी ही याच खुंजा हुमायूनची मुलगी होती. दरबाराच्या चित्रसंग्रहात आईला जी जागा नाकारली गेली, ती मुलीने इतिहासात मिळवली.

या चित्रांचे माध्यम अपारदर्शक जलरंगांचे होते. दगड, माती आणि वनस्पतींपासून मिळवलेले रंग डिंकाच्या पाण्यात खलून घोटलेल्या कागदावर लावले जात. असा रंग काही मिनिटांत सुकतो, त्यामुळे त्याचे सपाट, उजळ पट्टे सुरेख साधतात, पण एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू उतरणारी छाया साधणे अवघड जाते. तैलरंगाची प्रकृती याच्या उलट आहे. त्यात रंगद्रव्य जवसाच्या तेलात खलतात. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतील प्राणवायू शोषून दिवसेंदिवस घट्ट होत जाते, आणि त्यामुळे चित्रकाराला ओल्या रंगात रंग मिसळण्यास, तसेच सुकलेल्या थरावर पातळ, पारदर्शक थर चढवून अंधाराला खोली देण्यास सवड मिळते. जवस हे नगर जिल्ह्यातील जिराईत रानाला पूर्वापार परिचित असलेले रब्बीचे पीक आहे. त्याची चटणी घरोघर होत असे, मात्र त्याच्या तेलाचा हा गुण चित्रासाठी वापरण्याची रीत बाहेरूनच यावी लागली.

अंधाराची ही खोली दख्खनच्या घराच्या चित्रणात विशेष महत्त्वाची आहे. अकोले तालुक्याच्या पावसाळी डोंगराळ भागातील उतरत्या छपरांची घरे सोडली, तर जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पूर्व आणि दक्षिण भागात, जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव या बाजूला, धाब्याची घरे रूढ होती. धाबे म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्यांवर जाड मातीचा थर पसरून केलेले सपाट छत. अशा घराला बाहेरच्या भिंतीत खिडक्या थोड्या असतात, आणि उजेड मुख्यतः दारातून किंवा छतात ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे झरोक्यातून, खाली उतरतो. भर दुपारीही माजघराचे कोपरे काळोखात राहतात आणि त्या झोतात आलेली वस्तू, मग ती परात असो, जाते असो वा निवडायला घेतलेले धान्य असो, एकाएकी उजळून निघते. सपाट रंगांच्या चित्रभाषेत या उजेडाला जागा नव्हती. तो तैलरंगाचाच विषय होता, आणि तरीही तैलरंग येथे पोहोचल्यावर या विषयाकडे वळायला त्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

मराठी सत्तेच्या केंद्रात तैलचित्राचा ठळक प्रवेश अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेथे आला. त्याने १७९२ मध्ये सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि सेवकवर्ग यांचे जे तैलचित्र रंगवले, ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट याच्यासारखे देशी कारागीर पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकले. वेल्सच्या या चित्रात वाड्याचा अंतर्भाग आहे, पण तो सत्तेचा अंतर्भाग आहे. बैठक, लोड, पुरुष आणि त्यांचा दर्जा हाच त्याचा आशय आहे. बैठकीच्या पलीकडच्या दारातून माजघराकडे जाण्याची मुभा परक्या चित्रकाराला नव्हती आणि देशी चित्रकाराच्या मनात तो विषयच आलेला नव्हता.

हा विषय सुचण्यासाठी शाळा लागली. मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली, आणि १८६५ मध्ये तेथे आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगांत करून घेतल्या. या कामाचे पुरातत्त्वीय महत्त्व नेहमी सांगितले जाते. परंतु अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात राजवाड्याच्या खांबांमध्ये बसलेल्या राजा-राण्यांची, दासींची, एकांतातील संभाषणांची जी दृश्ये आहेत, ती तैलरंगांत पुन्हा रंगवताना या विद्यार्थ्यांच्या हाताला घराच्या आतील माणसांची मांडणी कळत गेली असली पाहिजे, याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. त्या चमूतील पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांच्याबाबतीत हा तर्क पटण्याजोगा आहे. १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या चित्रासाठी हिंदुस्थानात आलेल्या व्हॅलेंटाइन प्रिन्सेप यांच्याकडून त्यांनी तैलरंगातील व्यक्तिचित्रणाचे बारकावे घेतले. १८८२ च्या त्यांच्या ‘फीडिंग द पॅरट’ या चित्रात पोपटाला खाऊ घालणारी पारशी स्त्री ही देवता नाही, नायिका नाही आणि कुणी राणीही नाही. घरातल्या साध्या क्षणाला तैलचित्राचा मान देणारे हे पश्चिम हिंदुस्थानातील पहिल्या महत्त्वाच्या चित्रांपैकी एक म्हटले पाहिजे. पारशी समाजात स्त्रियांच्या वावरावर बंधने तुलनेने सैल होती, हेही त्यामागचे एक कारण होते.

मराठी हिंदू घरात चित्रकाराला प्रवेश मिळाला तो तेथेच जन्मलेल्या चित्रकारांमुळे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे १८९० मध्ये मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले. ‘डू यू कम, लक्ष्मी?’ या चित्राला १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, आणि नऊवारीतील मराठी स्त्री, तिच्या बसण्या-उठण्याच्या लकबी, तिचे सणवार आणि घरकाम हे पुढच्या चार दशकांत त्यांच्या कुंचल्याचे हक्काचे क्षेत्र झाले. राजा रविवर्मा यांनीही मराठी वेशातील स्त्रिया रंगविल्या होत्या, मात्र त्यांच्या स्त्रिया बहुधा पाहणाऱ्यासाठी सजून उभ्या असतात, तर धुरंधरांच्या स्त्रिया आपल्या कामात असतात. घराच्या चित्राच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

या परंपरेचा सर्वांत परिपक्व आविष्कार गोव्यातील सांगे येथे १८७० मध्ये जन्मलेल्या अंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांच्या चित्रांत दिसतो. मुंबईच्या त्याच कलाशाळेत शिकून ते तेथेच अध्यापक झाले. गडद पार्श्वभूमीतून चेहरा आणि हात उजेडात आणण्याच्या त्यांच्या हातोटीमुळे त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हटले जाई. त्यांच्या घरगुती चित्रांतील स्त्री पुष्कळदा त्यांची पत्नी फ्लोरा किंवा त्यांची मुलगी असते. फ्लोरालाच समोर बसवून केलेल्या ‘दोल्चे फार निएन्ते’ या चित्राला १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्या चित्रात काहीही घडत नाही, एक स्त्री आपल्या घरात विसावलेली आहे, इतकेच. व्यावसायिक मॉडेल मिळणे कठीण आणि समाजाला अप्रिय असल्याने चित्रकारांनी घरच्याच माणसांना समोर बसवले, असे त्याचे व्यावहारिक कारण देता येते. पण त्या अडचणीतूनच चित्रकार आणि समोरची स्त्री यांच्यात असा विश्वास निर्माण झाला, जो पैसे देऊन बोलावलेल्या मॉडेलकडून मिळाला नसता. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, हातातील दिव्याची ज्योत तळव्याने झाकणाऱ्या तरुणीचे ‘ग्लो ऑफ होप’ हे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रही याच वाटेवरचे आहे. अनेकजण त्याला रविवर्मांचे तैलचित्र समजतात. ते हळदणकरांनी जलरंगांत केले आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता समोर उभी राहिली होती.

पुढची पायरी मुलींनी स्वतः चढली. धुरंधरांच्या कन्या अंबिका यांनी १९३१ मध्ये मुंबईच्या कलाशाळेची पदविका मिळवली, आणि त्रिंदाद यांच्या कन्या अँजेला (१९०९–१९८०) या नावाजलेल्या चित्रकार झाल्या. त्रिंदाद पितापुत्रींची चित्रे पणजीच्या फुंदासांव ओरिएंते या संस्थेत एकत्र पाहता येतात. वडिलांच्या चित्रासाठी घरात बसणाऱ्या पिढीने कुंचला हातात घेतला, ही घटना या प्रकाराच्या इतिहासात तंत्राच्या कोणत्याही प्रगतीपेक्षा मोठी आहे.

आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात धाब्याची घरे झपाट्याने पडत आहेत, त्यांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत, आणि साण्यातून माजघरात उतरणारा तो उजेड त्यांच्याबरोबर जात आहे. छायाचित्रे त्याची नोंद ठेवतील, पण त्या अंधाराची खोली थरावर थर देऊन, आठवडेच्या आठवडे पाहून टिपण्याचे काम तैलरंगाचे आहे. जिल्ह्यातील चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी उरलेल्या माजघरांत जाऊन हे काम आताच हाती घ्यावे, आणि चित्र पुरे झाल्यावर त्यात बसलेल्या बाईचे नाव, तिची संमती घेऊन, कॅनव्हासच्या मागे स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवावे.